गायकवाड काकांची यात्रा कंपनी

गायकवाड काका माणसं मोजतात. चारपेक्षा जास्त माणसं एका जागी दिसली की त्यांची मान डावीकडून उजवीकडे सरकायला लागते, ओठ हलतात, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालतो आणि शेवटी ते स्वतःशीच म्हणतात, "बरोबर." त्याला कारण लागत नाही. रेशनची रांग असो, कुणाचा साखरपुडा असो. माझ्या लग्नात घरच्यांचा फोटो काढताना त्यांनी फोटोग्राफरला हात दाखवून थांबवलं, कारण त्यांच्या मते एक माणूस कमी होता. सगळे वैतागले. पण माणूस खरंच कमी होता. माझा धाकटा मामा मंडपामागे दुसऱ्यांदा जेवायला बसला होता.

ही खोड त्यांना धंद्यानं लावली. रहाटणीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांचं घर आणि त्याच घराच्या पुढच्या खोलीत त्यांची यात्रा कंपनी. कंपनी म्हणजे एक टेबल, भारताचा एक नकाशा आणि माळ्यावर पातेली. माझे वडील आणि काका पिंपरीच्या एकाच कारखान्यात होते. कारखान्यानं माणसं कमी करायला काढली तेव्हा कुणी रिक्षा घेतली, कुणी गावाकडं गेलं. काका कारखान्यात असताना दरवर्षी कामगारांची सहल न्यायचे. सहलीत आपल्याला लेथ मशीनपेक्षा जास्त कळतं, असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्या सुपरवायझरचंही तेच मत होतं. म्हणून त्यांनी यात्रा काढायला सुरुवात केली. सारनाथ, लुंबिनी, कुशीनगर, राजगीर आणि शेवटी बोधगया. वर्षातून दोन वेळा. माणसं सगळी आपलीच, म्हणजे भोसरी, काळेवाडी, पिंपरीची. जन्मभर शिफ्ट केलेली, गाव आणि नागपूरची दीक्षाभूमी सोडून कुठं न गेलेली. त्यांच्या बायका, आणि बऱ्याचदा त्यांच्या विधवा.

नाव नोंदवायला कुणी आलं की काका आधी एकच गोष्ट विचारत, "घोरता का?"

पुढच्या माणसाला वाटे आपण चुकून दवाखान्यात आलो. पण खोल्यांची वाटणी काका घोरण्यावरून करत. त्यांच्या वहीत प्रत्येक नावापुढे 'घोर', 'हलकं' किंवा 'नाही' असं लिहिलेलं असे. लोक खोटं बोलतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते नंतर त्या माणसाच्या घरी चहाला जात आणि सुनेला बाजूला घेऊन विचारत. सुना खरं सांगतात, असा त्यांचा अनुभव होता. थोडं वाढवूनच सांगतात.

यात्रेत काय काय घ्यायचं याची एक छापील यादीही असे. ताट, वाटी, सतरंजी, बीपीची गोळी. शेवटची ओळ ठळक अक्षरात: 'स्वेटर (गरज नसली तरी)'. आणि एक नियम तोंडी. सकाळच्या चहाआधी कुणी कुणाला आपला आजार सांगायचा नाही.

काकांचं पेटंट वाक्य मात्र वेगळं होतं. गाडी आठ तास लेट असो, बसचा टायर फुटलेला असो, राजगीरला माकडानं कुणाचा चष्मा पळवलेला असो, काका हात पाठीमागे बांधून समोर उभे राहत आणि संथपणे सांगत, "मंडळी, कार्यक्रमात थोडा बदल आहे." त्या वाक्यात अशी काही जादू होती की भांडायला उठलेली माणसं खाली बसत. बदल आहे म्हणजे मुळात कार्यक्रम आहे, एवढा धीर त्यातून मिळत असावा. त्यांच्या मुलीनं परस्पर रजिस्टर लग्न केलं तेव्हा काका जिना चढून आमच्याकडं आले. वडील दारात होते. काका म्हणाले, "रविवारच्या कार्यक्रमात थोडा बदल आहे. जेवण ठरल्याप्रमाणे. लग्न मात्र झालेलं आहे."

शालनकाकू, त्यांची बायको, प्रत्येक यात्रेला जात, कारण स्वयंपाक त्यांच्याकडं असे. त्यांना विचारलं की कुशीनगर कसं आहे, तर त्या सांगत, "पाणी जड आहे. डाळ शिजत नाही."

या सगळ्या वाटेवर काकांची माणसं पेरलेली होती. सारनाथचा वॉचमन, राजगीरचा टांगेवाला, आणि सगळ्यात जवळचा म्हणजे बोधगयेचा ब्रिजमोहन. त्याचं तिथं चौदा खोल्यांचं लहानसं लॉज होतं. काका दर रविवारी सकाळी त्याला फोन लावत. काकांची हिंदी पिंपरीच्या कारखान्यातली, ब्रिजमोहनची बिहारची. दोघांनाही समोरच्याचं निम्मंच कळत असावं, पण फोन अर्धा तास चाले. "क्या बोलता है ब्रिजमोहन, तबियत पाणी?" इथून सुरुवात. मग हवा, मग पोरांची शाळा, मग परत हवा.

आणि मग तो मार्च आला.

त्या वेळी काका एकेचाळीस माणसं घेऊन कुशीनगरला होते. सारनाथ झालं होतं, लुंबिनी झालं होतं. राजगीर आणि बोधगया राहिलं होतं. टीव्हीवर कोरोनाचं रोज नवीन काहीतरी सांगत होते. त्या सकाळी काकांनी ब्रिजमोहनला फोन केला, मग स्टेशनवर ओळखीच्या एकाला केला, आणि चहाच्या आधीच सगळ्यांना धर्मशाळेच्या अंगणात उभं करून सांगितलं की कार्यक्रमात बदल आहे. बोधगया रद्द. आज दुपारी परतीची गाडी.

ते कसेबसे तिकिटं मिळवून, निम्मे जण खाली बसून, घरी पोचले. त्यानंतर काही दिवसांतच रेल्वे बंद झाल्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस जण धडधाकट. नंतर अडकलेल्या यात्रेकरूंच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा काळेवाडीपासून भोसरीपर्यंत लोक म्हणायला लागले, गायकवाडांनी वाचवलं. फोनवर फोन आले. काका प्रत्येकाला म्हणत, "बरोबर," आणि फोन ठेवत. आम्हाला तो विनय वाटला.

यात्रा मात्र बंद पडली. पहिल्यांदा वाटलं दोन महिने, मग वाटलं दिवाळी, मग लोकांनी अंदाज करायचंच सोडून दिलं. यात्रेकरूंना स्टेशनला सोडणारा ड्रायव्हर बीडकडं गावी गेला तो तिकडंच शेळ्या पाळायला लागला. राजगीरच्या टांगेवाल्यानं घोडा विकला. सारनाथच्या वॉचमनचा फोन लागेनासा झाला. ब्रिजमोहनच्या चौदाच्या चौदा खोल्यांना कुलूप लागलं आणि तो हातगाडीवर भाजी विकायला लागला. रविवारचा फोन चालूच होता. आता त्यात भाजीचे भाव असत. रहाटणीत बसून काकांना गयेच्या मंडईतल्या परवलाचा भाव माहीत असे, आणि इथला भाजीवाला जास्त सांगायला लागला की ते त्याला तो ऐकवत. भाजीवाल्यावर त्याचा परिणाम होत नसे. इकडं परवल कुणी खातच नाही.

माळ्यावरची पातेली शालनकाकूंनी खाली उतरवली. भोसरीत खोल्या करून राहणाऱ्या कामगारांचे डबे करायला लागल्या. एकेचाळीस माणसांचा स्वयंपाक करायची सवय असलेल्या बाईला तीस डबे म्हणजे विश्रांतीच. काका लसूण सोलत बसत. लसूण सोलतानाही पाकळ्या ओळीनं मांडत. काकू म्हणत, "त्यांना कुठं न्यायचं नाहीये तुम्हाला. टाका इकडं."

चाकणचे कारखाने सुरू झाले तसं काकांना काम मिळालं, आणि काका नेमके माझ्याच वाट्याला आले. मी चाकणला गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्या स्टाफ बस ज्या ठेकेदाराच्या, त्यानं काकांना बसवर सुपरवायझर म्हणून घेतलं. काम एवढंच होतं की माणूस बसमध्ये चढला की यादीत खूण करायची आणि मास्क बघायचा.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला मी बसमध्ये चढलो तर काका ड्रायव्हरशेजारी यादी घेऊन उभे. मला बघून त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. बस नाशिक फाट्याला आली तेव्हा ते वळले, हात मागे बांधले आणि म्हणाले, "नमस्कार मंडळी. आपण चाकणकडं प्रस्थान करत आहोत. वाटेत भोसरी, मोशी. चहापान कारखान्यात."

लोक अर्धवट झोपेत होते. एकानं डोळा उघडून शेजाऱ्याला विचारलं, "राव, आपण चुकीच्या बसमध्ये बसलो काय?"

मोशीच्या पुढं पुलावर बस आली की काका सांगत, "डाव्या हाताला इंद्रायणी. उतरायचं नाही, बसूनच बघा." दोन सीटमध्ये एक माणूस असा नियम होता, पण काकांनी जागा नेमून दिल्या. पेंटशॉपमधल्या दोघांना मागे नेलं, कारण ते घोरत होते. घाट नसताना लिंबाच्या गोळ्या वाटल्या. एका शनिवारी चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो, तेव्हा त्यांनी ओळखीचा कार्यक्रम ठेवला. प्रत्येकानं उभं राहून नाव, गाव आणि घरी कोण कोण ते सांगायचं. त्यातून असं निघालं की चार वर्षं एकाच लाइनवर काम करणारे दोघं जण लातूरकडच्या शेजारशेजारच्या गावांतले होते. दोघांनी एकमेकांशी तोपर्यंत हिंदीतच बोलणं ठेवलं होतं.

कुणीतरी वर कळवलं. एक साहेब येऊन काकांना म्हणाले, "गायकवाड, तुमचं काम हजेरीचं आहे. बाकी बंद."

"बरोबर आहे साहेब," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बस गप्प. तिसऱ्या दिवशीही गप्प. पूल आला, गेला. चौथ्या दिवशी मागून पेंटशॉपचा एक जण कंटाळून म्हणाला, "काका, नदी आली काय हो?"

काका समोरच बघत होते. म्हणाले, "डाव्या हाताला."

पुढं साहेबांची बदली झाली आणि नदी सुरळीत चालू झाली.

हळूहळू सगळं उघडलं. विमानं उडायला लागली, लोक मास्क विसरले, दोन सीटवर परत दोन माणसं बसायला लागली. टीव्हीवर सहलींच्या जाहिराती झळकू लागल्या. काकांचे जुने यात्रेकरू दारात येऊन विचारायला लागले, "मग, काढताय ना यंदा?" काका म्हणत, "बघू." कुणी फार आग्रह केला की गुडघा पुढं करत. गुडघा ठणठणीत होता. सोसायटीच्या सहा मजल्यांचे जिने ते वर्गणीसाठी दिवसातून दोनदा चढत.

माझ्या आईला बोधगयेला जायचं होतं. वडील असताना दोनदा नाव नोंदवून राहिलं होतं, एकदा त्यांचं ऑपरेशन, एकदा माझ्या बहिणीचं बाळंतपण. वडील गेल्यावर ती काही बोलली नाही. आता मात्र अडुसष्टावं लागलं तसं तिनं मनावर घेतलं. मी म्हणालो, "विमानानं जा. मोठ्या कंपन्या आहेत, सगळं बघतात."

"तिथं मला कोण ओळखतं?" ती म्हणाली. "जिवाला घोर लागला तर सांगायचं कुणाला?"

ती स्वतः खाली गेली. मीही बरोबर होतो. काका टेबलाशी बसले होते. "जय भीम, वहिनी," म्हणून उठले, खुर्ची दिली. आईनं विषय काढला. काकांनी गुडघा पुढं केला. आई म्हणाली, "भाऊजी, तो पाय खाली ठेवा. मी तुमच्या पायाचं विचारलं नाही."

काकांनी पाय खाली घेतला. मग म्हणाले, "वहिनी, आता ते जमायचं नाही. माणसं मोडली सगळी. तिकडची पण, इकडची पण."

आई उठून वर आली. मला वाटलं विषय संपला. पण संध्याकाळी तिनं बॅग भरली. ताट, वाटी, सतरंजी, गोळ्या, स्वेटर. ती बॅग घेऊन खाली गेली, काकांच्या पुढच्या खोलीत नकाशाखाली ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही निघाल तेव्हा ही घेऊन चला. मी मागून येईन." आणि परत आली.

बॅग तिथं दोन महिने होती. काका तिच्यावरची धूळ रोज पुसत. आईला मधे बीपीची गोळी संपली म्हणून बॅगेतली पाहिजे होती, तर तिनं खाली जाऊन एक पाकीट काढलं आणि दुसऱ्या दिवशी नवीन आणून परत ठेवलं. दोघांत त्यावर एक शब्दही झाला नाही.

एक दिवस मी रजेवर होतो, डबा द्यायला खाली गेलो. काका बसवर होते. शालनकाकू वाटाणे सोलत होत्या. मी विचारलं, "काकू, अडतंय कुठं नक्की? काका घाबरलेत का?"

"घाबरायला काय झालंय," त्या म्हणाल्या. हात चालूच होता. "ताराबाईंचं घेऊन बसलेत."

ताराबाई म्हणजे भोसरीच्या एक म्हाताऱ्या बाई. नवरा कारखान्याच्या कँटीनमध्ये होता, तो लवकर गेला. त्यांनी धुणीभांडी करून दोन मुलं वाढवली. त्या मार्चच्या यात्रेत त्या होत्या. कुशीनगरला काकांनी बोधगया रद्द असं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी गुपचूप सामान बांधलं. ताराबाईंनी बांधलं नाही. त्या आपल्या पत्र्याच्या पेटीवर अंगणात बसून राहिल्या.

"मी इथून आता पुढंच जाणार," त्या म्हणाल्या. "मागं नाही जायची. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

बस सुरू होती. सगळे चढलेले. काका त्यांच्यापुढं उकिडवे बसले. काकूंनी भांड्यांच्या पोत्यावर बसून ते सगळं बघितलं होतं. काका म्हणाले, "मावशी, एका माणसासाठी चाळीस जणांना अडकवता येत नाही."

"मला एकटीला सोडा की मग."

"ते तर मुळीच नाही."

बराच वेळ त्या उठेनात. शेवटी काका म्हणाले, "पुढच्या वर्षी मी तुम्हाला स्वतः नेतो. माझा शब्द." तेव्हा त्या उठल्या. पेटी काकांनी उचलली.

"मग दर महिन्याला त्यांचा फोन," काकू सांगत होत्या. "कधी निघायचं भाऊ, कधी निघायचं. हे सांगायचे दिवाळीनंतर. मग दुसरी लाट आली. मग म्हणाले उन्हाळ्यानंतर. त्या थंडीत गेल्या ताराबाई. आजार नाही, काही नाही. दुपारी जेवून झोपल्या त्या झोपल्या. हे गेले होते भोसरीला. आल्यावर जेवले, टीव्ही बघितला. मला वाटलं झालं. पण यात्रेचं नाव काढलं की असं करतात बघ."

"पण काकांनी बरोबरच केलं होतं," मी म्हणालो. "अडकले असते तर?"

"ते त्यांनापण माहीत आहे," काकू म्हणाल्या. "बरोबर केलं म्हणून तर कुणापुढं रडता येत नाही ना."

मी वर आलो. आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बॅग राहू दे तिथंच."

शेवटी निकाल लागला तो रविवारच्या फोनवर. ब्रिजमोहननं सांगितलं की वरचा मजला किराण्याच्या गोदामाला दिला आहे, आणि खालच्यालाही गिऱ्हाईक आलंय. तो म्हणाला, "गायकवाड जी, एक बार आ जाइए. उसके बाद दे देंगे." काका फोन ठेवून बराच वेळ नकाशासमोर बसले. मग जिना चढून आमच्या दारात आले.

"वहिनी," ते म्हणाले, "घोरता का?"

"अनिलला विचारा," आई माझ्याकडं बघून म्हणाली.

मी खरं तेच सांगितलं. काकांनी वहीत लिहिलं.

फेब्रुवारीत आम्ही तेवीस जण निघालो. मीही रजा टाकून गेलो. पूर्वी चाळीसच्या वर माणसं असत, पण काकांनी त्याबद्दल काही म्हटलं नाही. सारनाथला वॉचमनची चौकशी केली, तो गावी गेला होता. राजगीरला टांगेवाला ई-रिक्षा घेऊन हजर होता आणि घोड्याबद्दल विचारू नका म्हणाला. बोधगयेला ब्रिजमोहन लॉजच्या दारात उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. बारीक, डोक्याला मफलर, हात भाजी तोलून तोलून राकट झालेले. काका उतरले. दोघं समोरासमोर उभे राहिले. अर्धा तास फोनवर बोलणारी माणसं, पण दोघांनाही काही सुचेना. ब्रिजमोहननं काकांच्या हातातलं बोचकं घेतलं आणि म्हणाला, "पानी गरम है."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिरात गेलो. आत मोबाइल न्यायचा नसतो, चपला घालायच्या नसतात. बाहेर ठेवायची सोय आहे, पण आमची मंडळी गर्दीत चप्पल शोधताना एकमेकांना हरवतात, म्हणून काका सगळ्यांच्या चपला आणि फोन आपल्याकडं घेतात. बाहेरच्या पायऱ्यांपाशी, एका कठड्याच्या सावलीत, ते चपलांच्या ओळी लावून मधे बसले होते. मांडीवर फोनची कापडी पिशवी. मी आत जाऊन आलो. पिंपळाखाली आई डोळे मिटून बसली होती, तिला तिथंच ठेवून बाहेर आलो. काका कुणाच्या तरी फोनवर त्यांच्या घरच्यांशी बोलत होते.

"आई आत आहेत. हो, गोळी घेतली. नाही, चपला माझ्याकडं आहेत." फोन ठेवून त्यांनी दुसरा उचलला. तोही वाजत होता.

मी शेजारी बसलो. म्हणालो, "तुम्ही कधी जाणार आत?"

"जातो की. सगळे बाहेर आले की."

"सगळे बाहेर आले की निघायची वेळ होते."

"हां, ते आहे."

मला एकदम काहीतरी लक्षात आलं. "काका, तुम्ही आत गेलाय ना कधी?"

त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं. "पहिल्या वर्षी दारापर्यंत गेलो होतो. तेवढ्यात पिंपळे गुरवच्या एका बाईंना चक्कर आली. मग पुढच्या वेळी म्हटलं जाऊ. लांबून कळस दिसतो की इथून. चांगला दिसतो."

इतकी वर्षं, वर्षाला दोन यात्रा. मी त्यांच्या मांडीवरची पिशवी घेतली आणि म्हणालो, "जा. मी आहे इथं."

ते उठेनात. मग उठले, चार पावलं गेले, परत आले. "जाधव मास्तरांचा फोन वाजला तर घ्यायचाच. त्यांची सून घाबरते."

"घेतो."

परत गेले, परत आले. "काळ्या पट्ट्यांचे दोन जोड आहेत. एकसारखे. डावीकडचा वाघमारेंचा."

"बरं."

मग त्यांनी आपल्या चपला काढल्या, ओळीच्या शेवटी नीट लावल्या आणि गेले.

जाधव मास्तरांच्या सुनेचा फोन तीनदा आला. तिसऱ्यांदा तिनं मला विचारलं की तुम्ही नक्की कोण, आणि गायकवाड काका कुठं आहेत. मी सांगितलं, आत आहेत. तिचा विश्वास बसला नाही.

तासाभरानं आई आली. माझ्या शेजारी पायरीवर बसली. "भाऊजी आत बसलेत," ती म्हणाली. "मी हाक नाही मारली."

आणखी बऱ्याच वेळानं काका आले. डोळे लाल होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. आमच्यापुढं उभे राहिले. हात मागे बांधलेले नव्हते, नुसते लोंबत होते.

"ताराबाईंना सांगायला गेलो होतो," ते म्हणाले. "की आलो म्हणून. ते सांगून झालं. पुढं काय करायचं ते कळेना. उभाच होतो. तिथं एक म्हातारे भिक्खू होते, बाहेरच्या देशातले. त्यांनी जरा सरकून मला खूण केली, बैस म्हणून." त्यांनी आईकडं बघितलं. "माझं सगळं आयुष्य लोकांना बसवण्यात गेलं वहिनी. मला कुणी बैस म्हटलं नव्हतं."

आई पायरीवर थोडी बाजूला झाली. काका तिच्याशेजारी बसले.

आमची माणसं आता एकेक करून बाहेर येत होती, वाकून आपापल्या चपला शोधत होती. जाधव मास्तर वाघमारेंच्या चपला पायात घालून शांतपणे फाटकाकडं चालायला लागले. काकांनी ते बघितलं. बघितलं, आणि बसून राहिले.